ट्यूब डॅक आणि पॉवर केबल : आवाज नक्की कशाने बदलतो ते घरच्या घरी शोधायची पद्धत

मागच्या पावसाळ्यात माझ्या ट्यूब डॅकमध्ये, म्हणजे डिजिटल गाण्याचं अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या आणि आत काचेची ट्यूब (व्हॉल्व्ह) असलेल्या डब्यात, एक बारीक गुंगुं यायला लागली. दिवसा कळायची नाही, पण रात्री सगळं शांत झालं आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसता तानपुरा सुरू असला की स्पष्ट ऐकू यायची. मी डॅकबरोबर आलेली पातळ काळी पॉवर केबल काढली, एक जाडजूड शील्डवाली महागडी केबल आणून लावली आणि गुंगुं गेली, अगदी पूर्ण गेली. पुढचे दोन आठवडे मी भेटेल त्याला सांगत होतो की पॉवर केबलने फरक पडतो, स्वतःच्या कानांनी ऐकलंय. मग एकदा आवराआवरी करताना जुनी केबल हाताला लागली, सहज परत लावून पाहिली तर गुंगुं आलीच नाही.

तेव्हा खाली बसून नीट बघितलं. नव्या केबलचा टॉप, म्हणजे प्लग, एवढा मोठा होता की स्पाइक बस्टरमध्ये शेजारच्या टॉपला अडत होता, म्हणून मी तो भिंतीवरच्या बोर्डात लावला होता, ज्या बोर्डात अ‍ॅम्प्लिफायरही होता. आधी डॅक खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डावरून, लांब एक्स्टेंशनवर चालत होता. म्हणजे डॅकचं अर्थिंग एका वाटेने, अ‍ॅम्पचं दुसऱ्या वाटेने आणि मधे आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबलने दोघं जोडलेले, झाला ग्राउंड लूप, म्हणजे अर्थच्या वाटांचा बंद फेरा, ज्यातून विजेची गुंगुं सिग्नलमध्ये शिरते. दोन्ही एकाच बोर्डात आल्यावर तो लूप एवढासा उरला आणि गुंगुं बंद. केबल कुठलीही असती तरी तेच झालं असतं.

तेव्हापासून मी ठरवलं की डॅकमध्ये काहीही बदलायचं तर एका क्रमानेच, आणि तो क्रम इथे सविस्तर लिहितोय. आधी बोर्ड आणि अर्थिंग, मग गुंगुं-हिस, मग आवाजाची पातळी, त्यानंतर ट्यूब आणि सगळ्यात शेवटी पॉवर केबल. बहुतेक लोक उलटीकडून सुरू करतात, पैसेही त्याच क्रमाने जातात, आणि मग कशाने काय झालं तेच कळत नाही.

आधी ट्यूब कुठे बसली आहे ते बघा

डॅकचं मुख्य काम, म्हणजे आकड्यांचं सिग्नलमध्ये रूपांतर, ट्यूब करत नाही, ते चिप करते. सीडीचा डेटा सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, प्रत्येक १६ बिटचं, तो चिपमध्ये जातो, तिथून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतो आणि त्यानंतर ट्यूब येते. ती एकतर सिग्नल मोठा करते, नाहीतर नुसती बफर म्हणून असते, म्हणजे सिग्नल तेवढाच ठेवून पुढच्या अ‍ॅम्पला चालवायची ताकद देते. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण बफरमध्ये ट्यूब बदलली तर आवाजाची पातळी जवळपास हलत नाही, पण गेन स्टेजमध्ये, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या भागात, चांगलीच हलू शकते. काही डॅकमध्ये ट्यूब सिग्नलच्या वाटेवर नसतेच, ती पॉवर सप्लायमध्ये रेक्टिफायर म्हणून, म्हणजे एसीचा डीसी करायला असते. आणि काही स्वस्त डब्यांमध्ये ट्यूबखाली नारिंगी एलईडी लावलेला असतो, दिसायला पेटलेली ट्यूब, आवाज मात्र सगळा चिप आणि ऑपअँपचा, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीचा.

ओळखायची सोपी खूण सांगतो. डॅक पूर्ण गार असू दे, प्लेअरवर गाणं आधीच सुरू ठेवा आणि मग डॅक ऑन करा. ट्यूबचा फिलामेंट तापून कॅथोड काम करायला लागायला दहा-वीस सेकंद जातात, आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला बातम्या सुरू व्हायच्या आधी जसा वेळ लागायचा अगदी तसंच. पहिल्या सेकंदालाच पूर्ण आवाज आला तर त्या आउटपुटच्या वाटेवर ट्यूब नाही. उशिरा आला तर मात्र लगेच खात्री धरू नका, काही डॅकमध्ये रिले मुद्दाम आवाज उशिरा सोडतो.

अजून एक घोळ इथेच मिटवू. ट्यूब डॅकच्या गप्पांमध्ये ‘एनओएस’ हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी येतो. ट्यूबच्या बाबतीत एनओएस म्हणजे ‘न्यू ओल्ड स्टॉक’, जुन्या काळी बनलेली पण न वापरलेली. डॅकच्या बाबतीत एनओएस म्हणजे ‘नॉन-ओव्हरसॅम्पलिंग’, दोन सॅम्पलच्या मधली सॅम्पल गणिताने न भरणारा, फिलिप्सच्या टीडीए१५४१ए सारख्या जुन्या चिपवर असे डॅक अजूनही बनतात. अशा डॅकमध्ये पुढे काही दुरुस्ती केलेली नसेल तर ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलवर १० किलोहर्ट्झला सुमारे ०.७५ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) आणि २० किलोहर्ट्झला सुमारे ३.२ डीबी आवाज नुसत्या गणितानेच उतरतो. झांजा मऊ वाटतात, सतारीची तार थोडी कमी टोचते, आणि लोक म्हणतात ‘बघा, ट्यूबचा गोडवा’. ट्यूबचा त्यात काही संबंध नाही, तिथे सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरचं, आउटपुट लावलं तरी तो मऊपणा तसाच राहील.

बोर्ड, अर्थिंग आणि व्होल्टेज

इथे एक मल्टिमीटर लागेल. २३० व्होल्टशी खेळायची सवय नसेल तर हे काम वायरमनकडूनच करून घ्या, संकोच करू नका. आपल्या तीन पिनच्या सॉकेटकडे समोरून बघितलं, मोठं अर्थचं भोक वर असताना, की उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल असायला हवा. तीन रीडिंग घ्यायची. फेज-न्यूट्रल साधारण २३०. फेज-अर्थही जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट, फार तर तीन. फेज-अर्थला १००-१५० असं काहीतरी तरंगतं रीडिंग आलं तर समजा अर्थची वायर कुठेतरी सुटली आहे किंवा कधी जोडलीच नव्हती. जुन्या बिल्डिंगमध्ये हे सर्रास सापडतं, सॉकेटला तिसरं भोक असतं आणि त्याच्या मागे काहीच नसतं. अशा बोर्डावर कितीही भारी केबल लावली तरी तिची अर्थ-वायर हवेतच लटकणार.

अर्थमुळे गुंगुं येते म्हणून टॉपची अर्थ पिन तोडणारे लोक मी बघितलेत. हे कधीही करू नका. ट्यूबच्या डॅकमध्ये आत १०० ते ३०० व्होल्ट डीसी असतो आणि धातूची बॉडी तुमच्या हाताखाली असते. त्या पिनवर तुमचा जीव आहे.

फेज-न्यूट्रलचं रीडिंग दिवसातून तीनदा घ्या, सकाळी, संध्याकाळी आणि रात्री बाराच्या पुढे. माझ्याकडे रात्री लोड उतरला की २४५ पर्यंत जातं. आता बाहेरून येणारे बरेच ट्यूब डॅक २२० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर बनलेले असतात. फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात, त्याचा सप्लाय रेग्युलेटेड नसेल तर २४५ वर तोच ७ व्होल्ट होतो, म्हणजे ११ टक्के जास्त, आणि बहुतेक ट्यूबना वर-खाली १० टक्क्यांपर्यंतच चालतं. ट्यूब लवकर थकते, तिचा कारभार बदलतो आणि दोष भलत्याच गोष्टीला जातो. नवा डॅक आला की मागचं लेबल वाचा आणि ११५/२३० चा स्विच असेल तर तो कुठे आहे ते बघूनच टॉप लावा. फ्यूज बदलायची वेळ आली तर तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा, स्लो-ब्लोच्या जागी स्लो-ब्लोच.

गुंगुं, भुणभुण, हिस : कुठून येते ते पकडा

हा भाग मी सविस्तर लिहिणार आहे कारण ‘केबल बदलली आणि पार्श्वभूमी एकदम काळी झाली’ या अनुभवातला बराचसा भाग इथेच उलगडतो.

आधी कानाने ओळखा. ५० हर्ट्झची गुंगुं मऊ असते, पोटात घुमल्यासारखी. सूर ओळखता येत असेल तर पेटी घ्या, ५० आणि १०० हर्ट्झ हे पांढरी पाचच्या जरासे वर येतात, तिथे जुळलं की समजा मेन्सचीच, म्हणजे घरात येणाऱ्या विजेचीच भानगड आहे. १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतली असेल तर ती जास्त खरखरीत, भुणभुणल्यासारखी वाटते, ती बहुतेक वेळा पॉवर सप्लायच्या आतली असते, थकलेला फिल्टर कपॅसिटर वगैरे, आणि ते टेक्निशियनचं काम. ट्यूबची हिस मात्र सुराशिवाय असते, पावसासारखी.

मग एकेक गोष्ट काढत जा. प्रत्येक वेळी अ‍ॅम्पचा आवाज आधी शून्यावर, मग केबल काढायची. डॅकपासूनची आरसीए केबल अ‍ॅम्पच्या बाजूने काढली आणि गुंगुं तरीही राहिली तर ती अ‍ॅम्पची. गेली तर केबल परत लावा आणि डॅकला येणारी यूएसबी काढा. आता गेली? मग गुन्हेगार लॅपटॉपच्या बाजूला आहे. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. दोन पिनचा चार्जर असेल तर लॅपटॉपच्या धातूवर हलका हात फिरवला की झिणझिण लागते ना, तोच गळतीचा करंट यूएसबीच्या शील्डमधून डॅकमध्ये आणि तिथून आरसीएच्या ग्राउंडमधून अ‍ॅम्पकडे जात असतो. यावर उपाय म्हणजे तीन पिनचा चार्जर, किंवा ऑप्टिकल केबल. ऑप्टिकल म्हणजे प्लास्टिकचा धागा, त्यातून प्रकाश जातो, करंट जाऊच शकत नाही, आणि ९६ किलोहर्ट्झपर्यंत ती सहसा व्यवस्थित चालते. यूएसबी आयसोलेटरही मिळतो पण घेण्याआधी स्पीड बघा, स्वस्तवाले १२ मेगाबिटवरच चालतात आणि हाय-स्पीड मागणारा डॅक त्यांच्यावर ओळखलाच जात नाही.

हे सगळं करून गुंगुं राहिली तर डॅक, अ‍ॅम्प, प्लेअर सगळे एकाच स्पाइक बस्टरवर आणा, माझ्याकडे जे चुकून झालं ते मुद्दाम करा. घरच्या डॅक-अ‍ॅम्पला एक चांगला स्पाइक बस्टर पुरतो, लोड फार नसतो.

घरातल्या बाकीच्या गोष्टीही तपासा. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या पॉइंटवर ठेवा आणि ऐका, मग पंखा फुल करा. चिरचिर बदलली तर ती पंख्याच्या रेग्युलेटरची. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर डॅक चालवत असाल आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुरगुरतो, स्पीकरमधून नाही, डब्यातून. अशा वेळी आवाजाची तुलना करायला बसूच नये. पॉवर केबल आणि आरसीए केबल एकत्र बांधून ठेवल्या असतील तर सोडवा, एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडू द्या. आणि डॅक अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरला चिकटून असेल तर एक वीत बाजूला सरकवा. हे सगळं फुकट आहे आणि बऱ्याच घरांमध्ये एवढ्यावरच प्रश्न संपतो.

पातळी जुळवल्याशिवाय काहीही ऐकू नका

आपल्या कानाला अर्धा डीबी जास्त आवाज ‘जास्त मोठा’ असा वाटत नाही, ‘जास्त चांगला’ असा वाटतो. जास्त मोकळा, जास्त भरीव, गायक जवळ आल्यासारखा. म्हणून दोन ट्यूबची तुलना करताना दोघींची पातळी ०.१ डीबीच्या आत जुळायलाच हवी, म्हणजे व्होल्टमध्ये साधारण एक टक्का.

अ‍ॅम्प बंद करा. प्लेअरवर ४०० हर्ट्झचा साइन टोन लावा, फुलपेक्षा ६ डीबी खाली. ५० किंवा १०० चा टोन नको, मेन्सशी गल्लत होते, आणि १ किलोहर्ट्झला स्वस्त मल्टिमीटर चुकायला लागतात. मीटर एसी व्होल्टवर ठेवून डॅकच्या आरसीए सॉकेटच्या मधल्या पिनवर एक आणि बाहेरच्या कड्यावर एक प्रोब. फुल सिग्नलला २ व्होल्ट देणारा डॅक असेल तर इथे साधारण १ व्होल्ट दिसेल. वहीत लिहा, डावा-उजवा वेगवेगळा. समजा जुन्या ट्यूबवर १.०० आणि नव्या ट्यूबवर १.०६ आला, तर तो फरक अर्धा डीबी, मग नव्या ट्यूबवर ऐकताना प्लेअरचा डिजिटल आवाज अर्धा डीबी खाली घ्यायचा. दोन मिनिटांचं काम आहे आणि मला वाटतं ट्यूबवरचे निम्मे वाद यानेच मिटतील.

आता ट्यूब

आधी कुठली ट्यूब कुठे चालते हे. १२एयू७ आणि ईसीसी८२ ही एकाच ट्यूबची अमेरिकन आणि युरोपियन नावं. तसंच १२एएक्स७ म्हणजे ईसीसी८३, १२एटी७ म्हणजे ईसीसी८१, आणि ६डीजे८ म्हणजे ईसीसी८८, तिचीच जास्त कडक प्रतीची बहीण ६९२२ म्हणजे ई८८सीसी. पहिल्या तिघींचे पाय सारखे आहेत म्हणून लोक बिनधास्त अदलाबदल करतात, पण गेन बघा, १२एयू७ चा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर १७ ते २०, १२एटी७ चा ६० आणि १२एएक्स७ चा १००, शिवाय १२एयू७ आरामात १० मिलिअँपिअरवर चालते तर १२एएक्स७ साधारण एकावर. एकीसाठी बनवलेल्या सर्किटमध्ये दुसरी बसेल, पेटेल, पण नीट काम करेल असं नाही. बनवणाऱ्याने चालेल म्हटलं असेल तरच.

१२एयू७ च्या जागी ६९२२ तर अजिबात नको, दोन्हीला नऊ पाय आहेत आणि सॉकेटमध्ये दोन्ही बसतात म्हणूनच हे धोक्याचं. १२एयू७ मध्ये नववा पाय हा फिलामेंटचा मधला टोक असतो, ६९२२ मध्ये नववा पाय आतल्या शील्डला जोडलेला असतो. सर्किटने ४ आणि ५ नंबरच्या पायांवर १२.६ व्होल्ट दिले असतील तर ६९२२ चा ६.३ चा फिलामेंट जळेल, आणि ४-५ एकत्र बांधून ९ वर ६.३ दिले असतील तर ती पेटणारच नाही.

काढताना डॅक बंद, टॉप बाहेर आणि निदान अर्धा तास थांबा, कारण काच तापलेली असते आणि आतले कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात. ट्यूब वरून काढता येत असेल तरच स्वतः काढा, डबा उघडावा लागत असेल तर जाणकाराकडून करा. ट्यूब सरळ वर ओढायची, अगदी किंचित डोलवत, पिरगाळायची नाही. नव्या ट्यूबचे पाय वाकडे असतील तर आधी हलक्या हाताने सरळ करा, पहिल्या आणि नवव्या पायामधली मोकळी जागा सॉकेटशी जुळवा आणि दाबा. पाय काळवंडले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तेलकट स्प्रे मारू नका. बरेचदा ‘नवी ट्यूब लावल्यावर आवाज उजळला’ याचं कारण एवढंच असतं की काढ-घाल केल्याने सॉकेटचा गंज घासला गेला, म्हणून आधी जुनीच ट्यूब काढून, पुसून परत लावा आणि ऐका. हे मी प्रत्येक वेळी करतो.

आता ऐकायचं काय? ट्यूबच्या आत शिरून बघू. ट्रायोडमध्ये, म्हणजे अशा ट्यूबच्या आतल्या सिग्नल मोठा करणाऱ्या भागात, जो डिस्टॉर्शन (सिग्नलचा बिघाड) होतो त्यात दुसरा हार्मोनिक सगळ्यात मोठा असतो. षड्ज २४० हर्ट्झला धरला तर दुसरा हार्मोनिक ४८०, म्हणजे तार षड्ज. तिसरा ७२०, तार पंचम. पाचवा १२००, त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. चांगल्या जवारीच्या तानपुऱ्यात आपण जे स्वर कान देऊन शोधतो तेच हे. त्यामुळे थोडासा दुसरा हार्मोनिक मिसळला तर कानाला बोचत नाही, उलट गळा थोडा भरल्यासारखा वाटू शकतो. पण प्रमाण लक्षात ठेवा. चांगल्या बनवलेल्या बफरमध्ये हे ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा खालीच असतं, म्हणजे मूळ सुरापेक्षा ६० डीबी खाली, आणि मूळ सूर त्याला झाकतोच. म्हणून चांगल्या अवस्थेतल्या, एकाच जातीच्या दोन ट्यूबमधला फरक बारीक असतो. जो मोठा फरक ऐकू येतो तो बहुतेक वेळा यापैकी एक असतो : पातळी वेगळी, एक ट्यूब थकलेली, किंवा एका बाटलीतल्या दोन ट्रायोडचं एकमेकांशी जुळत नाही म्हणून डावा-उजवा वेगळा.

म्हणून मी नव्या ट्यूबची परीक्षा तीन गोष्टींवर घेतो. वीस मिनिटं तापू दिल्यावर मोनो रेकॉर्डिंग लावायचं, गायक बरोब्बर मध्ये उभा राहायला हवा, एका बाजूला सरकला तर दोन चॅनेल जुळत नाहीत. मग गाणं थांबवून, अ‍ॅम्प नेहमीच्या आवाजावर ठेवून, स्पीकरजवळ कान नेऊन हिस ऐकायची. मग पेन्सिलच्या मागच्या रबराने काचेवर हलकेच टिचकी मारायची. स्पीकरमधून थोडं ‘टक्’ येणं चालतं, पण घंटेसारखं ‘टंऽऽग’ घुमत राहिलं तर ती ट्यूब मायक्रोफोनिक आहे, मोठ्या आवाजात डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला ती आतून हलणार आणि आवाज गढूळ करणार. सिलिकॉनच्या रिंगा घालून थोडा फायदा होतो, डॅक स्पीकरपासून दूर नेऊन जास्त होतो.

एकाच चॅनेलमध्ये खरखर असेल आणि प्रत्येक चॅनेलला वेगळी ट्यूब असेल तर दोन्ही ट्यूबची जागा बदला. खरखर दुसऱ्या बाजूला गेली तर ट्यूब खराब, तिथेच राहिली तर सर्किट. आणि काचेच्या आत वरच्या बाजूला जो चंदेरी डाग असतो तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, ती ट्यूब संपली.

जुन्या ट्यूबच्या किमतींबद्दल एवढंच, की प्रसिद्ध जर्मन आणि इंग्लिश नावांच्या नकली छपाईच्या ट्यूब बाजारात खूप आहेत. आपल्या बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओच्या काळात भरपूर ट्यूब बनवल्या, बीईएलचा छाप असलेल्या त्या ट्यूब जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांकडे किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अजून अधूनमधून हाताला लागतात, आणि मला स्वतःला त्या मनापासून आवडतात. पण टेस्टरवर लावून दाखवणाऱ्याकडूनच घ्या. ते नाही जमलं तर स्लोव्हाकियात बनणारी जेजेची नवी ट्यूब घ्या, सुरुवातीला तेवढी पुरे.

रेक्टिफायर ट्यूबला मात्र हौस म्हणून हात लावू नका. ५एआर४ ला फिलामेंटचा १.९ अँपिअर लागतो आणि ५यू४जी ला ३, ट्रान्सफॉर्मर तेवढ्यासाठी बनलेला नसेल तर तो तापून जाईल. शिवाय दोघींमधून पडणारा व्होल्टेज ड्रॉप वेगळा, त्यामुळे पुढच्या सगळ्या सर्किटचा व्होल्टेज बदलतो. तिथे जो फरक ऐकू येतो तो त्या बदललेल्या व्होल्टेजचा असतो.

बेस कमी वाटतोय म्हणून ट्यूब बदलत असाल तर थांबा. ट्यूब डॅकच्या आउटपुटला कपॅसिटर असतो आणि तो अ‍ॅम्पच्या इनपुट इम्पिडन्सबरोबर (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये) मिळून खालचे सूर कापतो. ०.४७ मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम म्हणजे ३४ हर्ट्झला ३ डीबी गेले, तेच ४७ किलोओहमच्या अ‍ॅम्पला लावलं तर ७ हर्ट्झ. तुमच्या अ‍ॅम्पचं मॅन्युअल काढून इनपुट इम्पिडन्स बघा, कदाचित उत्तर तिथेच मिळेल.

पॉवर केबल, शेवटी

हिशोब करू. ट्यूब डॅक समजा ३० वॉट घेतो, २३० वर ते ०.१३ अँपिअर. साधी ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, मीटरला २६ मिलिओहम, दीड मीटर जाऊन-येऊन तीन मीटर म्हणजे ७८ मिलिओहम. ड्रॉप झाला १० मिलिव्होल्ट. २३० व्होल्टमधून १० मिलिव्होल्ट. रेक्टिफायर करंट झटक्याने ओढतो, म्हणून दहापट धरा, तरी ०.१ व्होल्ट. शेजारच्यांचा फ्रीज सुरू झाला की त्याहून जास्त हलतं. आणि त्या केबलच्या मागे भिंतीतली वायर, मीटर, खांब, ट्रान्सफॉर्मर असं सगळं तसंच राहतं.

म्हणजे केबलने काहीच होत नाही का? होतं, पण जे होतं ते साधं आणि मोजता येण्यासारखं असतं. अर्थची वायर सलग आहे की तुटलेली, हा पहिला फरक. मीटर कंटिन्यूइटीवर ठेवून टॉपची अर्थ पिन आणि दुसऱ्या टोकाचं मधलं भोक तपासा, वायर हलवून हलवून. दुसरा, टॉप सॉकेटमध्ये घट्ट बसतो की सैल, सैल असेल तर ठिणग्या पडतात आणि कडकड ऐकू येते. तिसरा, शील्ड. केबल आरसीए किंवा फोनोच्या (रेकॉर्ड प्लेअरच्या) वायरजवळून जात असेल तर शील्डने थोडी मदत होते, तेवढीच मदत वायर एक वीत लांब नेऊनही होते. चौथा, क्लिप-ऑन फेराइट, म्हणजे केबलवर चिमट्यासारखी बसणारी कडी. ते मेगाहर्ट्झमधला कचरा अडवतं, ५० हर्ट्झच्या गुंगुंला त्याचा काही उपयोग नाही. त्यातून केबलचे दोन-तीन वळसे गेले तर जास्त काम करतं.

त्यामुळे घ्यायची तर १ चौरस मिलिमीटरची तीन कोअर, तांब्याची, मोल्डेड टॉपची, आयएसआय मार्कची केबल घ्या, डॅककडच्या टोकाला १० अँपिअरच्या आयईसी सॉकेटची. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला ती हव्या त्या लांबीची मिळते. स्वतः टॉप लावणार असाल तर रंग लक्षात ठेवा, आपल्याकडे लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ, आणि बाहेरच्या केबलमध्ये तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. अर्थची वायर आत थोडी लांब ठेवायची, केबल ओढली गेली तर ती सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून.

आणि तरीही मनात शंका असेल, जी असणं साहजिक आहे, तर ती अशी फेडा. केबल बदलायला डॅक बंद करावा लागतो, ट्यूब परत तापायला वीस मिनिटं जातात, तेवढ्या वेळात कानाला आधीचा आवाज नेमका आठवत नाही. म्हणून रेकॉर्ड करा. साध्या ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचा डबा) डॅकचं आउटपुट घ्या, एकच गाणं, एक मिनिट, दोन्ही केबल एकाच सॉकेटात लावून. पहिली केबल, दुसरी केबल, मग परत पहिली. ही तिसरी रेकॉर्डिंग सगळ्यात महत्त्वाची, कारण एकाच केबलच्या दोन रेकॉर्डिंगमध्ये जेवढा फरक निघतो तेवढा फरक तुमच्या यंत्राचा स्वतःचाच आहे. मग फूबार२००० या म्युझिक प्लेअरमधलं एबीएक्स वापरा, ते तुम्हाला न सांगता फाइल बदलत राहतं आणि तुम्ही ओळखायचं. १६ पैकी १२ बरोबर आले तर ते नुसत्या नशिबाने व्हायची शक्यता साधारण ४ टक्के, म्हणजे तुम्हाला खरंच काहीतरी ऐकू येतंय. डेल्टावेव्ह नावाचं सॉफ्टवेअर दोन रेकॉर्डिंगमधली वजाबाकी करून दाखवतं, आणि आरईडब्ल्यू या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ५०, १००, १५० हर्ट्झचे काटे किती उंच आहेत ते दिसतं.

माझ्याकडे महागड्या केबलला १६ पैकी ७ आले, आणि आरईडब्ल्यूमध्ये दोघींचे काटे एकावर एक बसले. बीईएलच्या ट्यूबला नव्या ट्यूबविरुद्ध पातळी न जुळवता १४ आले होते, पातळी जुळवल्यावर ११. म्हणजे आकड्याने मी तिथे काही सिद्ध केलेलं नाही, पण मंद्रातल्या आलापीत मला काहीतरी वेगळं वाटतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत भावाला बसवून ते १६ परत करणार आहे, या वेळी फक्त तानपुरा आणि आवाज असलेल्या तुकड्यावर.

त्या सगळ्या रेकॉर्डिंग जपून ठेवा, फाइलच्या नावातच तारीख, ट्यूबचं नाव, सॉकेट आणि त्या दिवशीचा व्होल्टेज लिहून. ट्यूब हळूहळू थकते, रोज ऐकणाऱ्याला ते कळत नाही. वर्षाने त्याच ट्यूबवर, त्याच पातळीला तेच एक मिनिट परत रेकॉर्ड करून शेजारी लावलं की कळतं.